महापुरात रडले नाही, म्हणून काही आठवत नाही का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१९ च्या महापुराला आम्ही सांगलीवाडीत राहत होतो. ५ ऑगस्टला नागपंचमी होती आणि त्याच सुमाराला पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. नवरा कामावर पुण्यात, रस्ते बंद. घरात मी, सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणायचो), माझी दोन पोरं आणि पंचमीला म्हणून आलेली माझी धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर शेगडी नेली, दोन रात्री काढल्या, तिसऱ्या दिवशी बोटीतनं बाहेर पडलो.

घरात त्या वेळी कर्ती मीच होते. पोरांसमोर आणि आत्यांसमोर चेहरा हलू द्यायचा नाही असं ठरवूनच टाकलं होतं. दात आवळून सगळं केलं. बहीण मात्र पहिल्या रात्रीपासून ढसाढसा रडत होती. नवस बोलत होती, मध्येच देवावर चिडत होती.

आज तिला सगळं आठवतं. कोण काय बोललं, कुठल्या भांड्यात काय होतं, शेजारच्यांनी गच्चीवरून काय हाक मारली. मला नाही आठवत. सगळ्यात लागतं ते हे, की बोटीत आत्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या सारखं काहीतरी सांगत होत्या. मी "हो आत्या, हो आत्या" करत होते. त्यातला एक शब्द मला आठवत नाही. आठवतं काय, तर धाकट्याच्या अंगावरच्या नारिंगी जॅकेटचं बक्कल. काळं, एका बाजूचा दात तुटलेला, आणि त्यात अडकलेला हिरवा दोरा.

२०२० साली आत्या गेल्या. त्यांनी मला तेव्हा काय सांगितलं होतं? बहीण बोटीच्या दुसऱ्या टोकाला होती, तिला ऐकू आलं नाही.

म्हणून विचारते. भावना आवरून धरली की लक्षात राहणं कमी होतं का? का मीच वेंधळी? कुणाला असा अनुभव असेल तर लिहा.

बस्स_भडंग

ताई, वेंधळी बाई दोन पोरं आणि म्हातारं माणूस घेऊन पुरातनं सुखरूप बाहेर पडत नाही. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

मनाचा_कानोसा

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. मी विश्रामबागला समुपदेशनाचं काम करते, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर प्रयोग केले, ते २००० साली प्रसिद्ध झाले. लोकांना जखमी माणसांच्या स्लाइड्स दाखवल्या. प्रत्येक स्लाइडबरोबर त्या माणसाचं नाव, कामधंदा, दुखापत कशी झाली ही माहिती ऐकवली. एका गटाला सांगितलं, नुसतं बघा. दुसऱ्याला सांगितलं, मनात काहीही होऊ दे, चेहऱ्यावर दिसता कामा नये. तिसऱ्याला सांगितलं, डॉक्टर बघतो तशा तटस्थ नजरेनं बघा.

नंतर ऐकलेली माहिती विचारली. चेहरा आवरणाऱ्यांना ती कमी आठवली. डॉक्टरच्या नजरेनं बघणाऱ्यांचं मात्र तसं नुकसान झालं नाही.

कारण असं सांगतात: चेहरा आवरायचा तर स्वतःवर सतत पहारा ठेवावा लागतो. ओठ थरथरतोय का, आवाज फुटतोय का, आता हसायला हवं का. मनातल्या मनात स्वतःलाच सूचना चालू राहतात. माणसाचं लक्ष काही अमर्याद नसतं. ते पहाऱ्यावर गेलं की कानावर पडलेले शब्द आत उतरतच नाहीत. तुम्ही "हो आत्या" म्हणत होता तेव्हा तुमचं सगळं बळ तो "हो" सरळ आवाजात काढण्यात खर्च होत होतं.

म्हणजे भावना सांभाळण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. भावना उठल्यावर तिच्यावर झाकण दाबून धरणं वेगळं, आणि ती उठतानाच प्रसंगाकडं वेगळ्या नजरेनं बघणं वेगळं. पहिल्याची किंमत लक्षात राहण्यात मोजावी लागते.

पांढरी_चप्पल

मनाचा_कानोसा, मला हे पटायला जरा जड जातंय.

मिरजेत बावीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच कॅज्युअल्टीत. आमचा चेहरा हलतच नाही, हलला तर नातेवाईकांचा धीर सुटतो. तुमच्या हिशोबानं मग आम्हाला काहीच आठवायला नको. पण रात्री दोनला आलेल्या पेशंटला किती वाजता कुठलं इंजेक्शन दिलं, मी सकाळी हॅण्डओव्हरला न अडखळता सांगते.

माझा अनुभव असा, की हातात काम असलं की आठवतं. डॉक्टरांनी डोस सांगितला की आम्ही तो मोठ्यानं परत म्हणतो, मग भरतो, मग लिहितो. तिथं चेहऱ्याचा विचारच नसतो.

पण एक कबूल करते. माझे वडील ज्या रात्री गेले तेव्हा मी ड्युटीवर नव्हते, नुसती मुलगी म्हणून कॉटजवळ उभी होते. आईसमोर रडायचं नाही म्हणून भिंतीवरच्या स्विचबोर्डकडं बघत होते. डॉक्टर आम्हाला पाच मिनिटं समजावून सांगत होते. मला आज फक्त स्विचबोर्ड आठवतो. पाच बटणं, त्यातलं एक पिवळं पडलेलं.

मनाचा_कानोसा

@पांढरी_चप्पल, तुम्हीच उत्तर दिलंत की. ड्युटीवर तुम्ही "डॉक्टरच्या नजरेच्या" गटात होता आणि कॉटजवळ "चेहरा आवरा" गटात. माणूस तेच, काम बदललं. डोस मोठ्यानं परत म्हणायची सवयही मोलाची आहे, लक्ष आतल्या पहाऱ्यावरून बाहेरच्या शब्दांवर येतं.

विंगेतला

हे वाचून राहवेना.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच सीतास्वयंवर उभं केलं. त्या गावात हौशी रंगभूमीवर तीस वर्षं काम केल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. वाक्यं विसरली जातात ती भीतीनं नव्हे, भीती लपवण्यानं.

घाम फुटलाय, पाय लटपटताहेत, तरी समोरच्या नटाकडं बघून त्याचं वाक्य खरोखर ऐकलं की माझं वाक्य आपसूक तोंडात येतं. पण "प्रेक्षकांना कळायला नको" हे मनात शिरलं की संपलं. मग मी माझाच हात बघायला लागतो, माझाच आवाज ऐकायला लागतो. समोरचा बोलतोय हे दिसतं, काय बोलतोय ते कळत नाही. एकदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात असा गडप झालो. प्रॉम्प्टर विंगेतनं तीनदा वाक्य देतोय, मला त्याचे ओठ हलताना दिसताहेत, आवाज नाही. शेवटी सहकलाकारानं माझा खांदा धरून, भूमिकेत राहूनच विचारलं, "ऐकताय ना मी काय म्हणतेय?" तो हात लागला आणि वाक्य आलं.

कृष्णाकाठ, तुमच्या "हो आत्या, हो आत्या" मध्ये मला ती विंग दिसली.

पुरावा_द्या

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून एक वेगळा मुद्दा मांडतो. आपण गृहीत धरलंय की बहिणीला सगळं आठवतं. तिला ते *बरोबर* आठवतं हे कशावरून?

१९८६ साली अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं पहिल्या कागदाशी जुळली नाहीत, साधारण चौथा हिस्सा तर मुख्य गोष्टींत पूर्ण चुकला होता. आणि तरीही ते ठामपणे सांगत होते. स्वतःच्याच अक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींचा विश्वास बसेना.

तीव्र भावनेनं आठवण ठसठशीत होते, खात्री वाढते. अचूकपणा वाढतोच असं नाही. बहीण गेली काही वर्षं ती गोष्ट सांगत आली असणार. प्रत्येक सांगण्यात आठवण थोडी नव्यानं लिहिली जाते.

कृष्णाकाठ

@पुरावा_द्या, तुमचं वाचून काल बहिणीला फोन केला. तिला आधी राग आला, पण मग आम्ही दोघींनी जुन्या मोबाईलमधले फोटो काढून बघितले. ती नेहमी सांगते की "पहाटे उठले तर पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर". फोटो आहे, चौथी पायरीच आहे, पण वेळ संध्याकाळी सव्वासहाची. आणि "गच्चीवरून शेजारच्या काकूंनी हाक मारली" ही जी गोष्ट, त्या काकू तर आदल्या दिवशीच माधवनगरला लेकीकडं गेल्या होत्या. मेसेज सापडला.

बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मग मला हाक कुणी मारली गं?"

साताऱ्याची_सून

अंगावर काटा आला.

मला या चर्चेत एक गोष्ट राहून राहून बोचतेय. चेहरा आवरण्याचं काम नेहमी थोरलीकडंच का येतं? आमच्याकडं सासरे गेले तेव्हा घरातल्या सगळ्यांना रडायची मुभा होती. थोरल्या सुनेनं मात्र चहा किती कप, सतरंज्या कुठं, दहाव्याची यादी. वर येणाऱ्या बायका म्हणणार, "धीराची आहे हो." आणि वर्षभरानं नणंदा म्हणणार, "तुला कसं गं आठवत नाही, दादा शेवटी तुझंच नाव घेत होते." आठवणार कसं? तुम्ही तिला तिथं उभंच राहू दिलं नाहीत.

धीराची म्हणून कौतुक करणाऱ्यांनी तिच्याऐवजी तासभर चहाचं बघावं.

पांढरी_चप्पल

+१०० साताऱ्याची_सून. हे कॅलेंडरवर छापायला पाहिजे.

पेवकरी

नमस्कार. मी हरिपूरचा. जरा वेगळंच सांगतो.

आमच्याकडं आदी हळद पेवात ठिवायची. जमिनीत खोल खड्डा, वरनं तोंड लिंपून टाकायचं. वर्सं झाली तरी आत माल जसाच्या तसा. २००५ च्या पुरात पानी शिरलं आन् लई पेवं गेली. तवा आमच्या आजोबांनी काय केलं, पानी उतरल्याबरूबर भितीवर कोळशानं रेघ मारली, आन् खाली तारीक. कारन लोकं दोन वर्सांनी म्हनत्यात, "छे, एवढं न्हवतं आलं." दुसरा म्हनतोय, "लई वर हुतं." रेघ काय खोटं बोलत न्हाई.

आयर्विन पुलावर २००५ ला ५३ फुटाच्या वर गेलंतं. २०१९ ला ५७ च्या वर. आजोबांची रेघ पान्याखाली गेली. आता बानं नवी मारलीया, त्येच्या वर.

तवा ताई, जे आटवत न्हाई त्येचा तरास करून घिऊ नका, पन जे आटवतंय ते आज लिवून ठिवा. बक्कल बी लिवा.

बस्स_भडंग

पेवकरी भाऊ, २०२१ ला पण ५४ च्या आसपास होतं की हो. ती रेघ मारली का?

पेवकरी

मारली की. दोनीच्या मदी हाय.

भूमितीचे_सर

पेवकऱ्यांच्या "लिहून ठेवा" वरून आठवलं, म्हणून मूळ विषयाकडं येतो.

मी दहावीला गणित शिकवतो. दर वर्षी दोन-तीन मुलं अशी असतात, की घरी सगळं येतं, पेपर हातात पडला की कोरी. आम्ही मोठी माणसं त्यांना काय सांगतो? "घाबरू नको. शांत राहा. टेन्शन घ्यायचं नाही." म्हणजे बिचाऱ्याला आता दोन पेपर सोडवायचे. एक गणिताचा आणि एक न घाबरण्याचा.

जेरार्डो रामिरेझ आणि शियन बायलॉक यांचं २०११ मधलं संशोधन वाचनात आलं. परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटं, या परीक्षेबद्दल मनात जी काही भीती आहे ती कागदावर उतरवायला सांगायची. ज्या मुलांना परीक्षेची जास्त धास्ती असते त्यांचे गुण यानं सुधारले. मी सराव परीक्षांना हे करून बघतो. फाडलेलं वहीचं पान देतो, सांगतो, कुणी वाचणार नाही, लिहा आणि दप्तरात टाका. माझ्या वर्गापुरतं बोलायचं तर एका मुलीचा फरक मी डोळ्यांनी बघितला. ती दर वेळी पहिल्या प्रश्नावर पेन आपटत बसायची. त्या दिवशी तिनं पान भरून लिहिलं, घडी घालून कंपासपेटीत ठेवलं आणि पेपरला बसली. मान वर केली ती पुरवणी मागायला.

तिनं भीती दाबली नाही. कंपासपेटीत ठेवली.

विंगेतला

सर, हे पुढच्या प्रयोगाआधी मेकअप रूममध्ये करून बघणार.

पुरावा_द्या

एक शंका आहे, मनाचा_कानोसा यांना. त्या प्रयोगात ऐकलेली माहिती गेली हे समजलं. पण बक्कल एवढं लख्ख का राहिलं? लक्षच नव्हतं तर काहीच राहायला नको.

मनाचा_कानोसा

चांगली शंका. इथं दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

एक म्हणजे पहारा, तो वर लिहिलाच. दुसरी भीतीची स्वतःची रीत. घाबरलो की ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं वाढतात, मेंदूतला अमिग्डाला (धोका ओळखणारा भाग) जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला (आठवणी नोंदवणारा भाग) जणू सांगतो, हे पक्कं कर. मेंदूशास्त्रज्ञ जेम्स मॅकगॉ यांचं आयुष्यभराचं काम यावर आहे. १९९४ साली लॅरी केहिल आणि त्यांनी एक प्रयोग केला. लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली, मधला भाग हृदयद्रावक. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, ते या संप्रेरकांचा परिणाम अडवतं. इतरांना मधला भाग जास्त आठवला. गोळी घेतलेल्यांच्या बाबतीत तो जादा ठसा उमटलाच नाही.

पण हा ठसा सगळीकडं सारखा उमटत नाही. भीतीत लक्षाचा झोत अरुंद होतो. झोतात आहे ते लख्ख, कडेचं अंधारात. चाकू रोखलेल्या माणसाचा चेहरा आठवत नाही, चाकू आठवतो. तुमच्यासाठी त्या बोटीत जगात एकच महत्त्वाची गोष्ट होती: धाकट्याच्या जॅकेटचं बक्कल तुटकं आहे, ते निसटता कामा नये. आईचं लक्ष जिथं असायला हवं तिथंच होतं.

एक काळजीचं सांगते. कुणाला याच्या उलट होत असेल, म्हणजे आठवण न बोलावता अंगावर येते, झोप उडते, पाणी वाढल्याची बातमी लागली की छाती धडधडते, तर ते "मनाचं काय" म्हणून सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दर पावसाळ्यात माझ्याकडं अशी माणसं येतात.

कृष्णाकाठ

मनाचा_कानोसा, तुमचं बक्कलाबद्दलचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता बरं वाटतंय.

पण म्हणजे आत्यांचे शब्द कायमचे गेले ना?

मनाचा_कानोसा

खोटा दिलासा देणार नाही. जे आत नोंदलंच गेलं नाही ते प्रयत्न करून परत येत नाही, आणि कुणी संमोहनानं काढून देतो म्हणालं तर जाऊ नका. त्यातनं पुरावा_द्या म्हणतात तशा खोट्या आठवणी तयार होतात. पण नोंदलं गेलंय आणि सापडत नाही, असंही असू शकतं. त्याला जागा, वास, आवाज अशा खुणा लागतात. आणि बोटीत तुम्ही एकट्या नव्हता. तिथं आणखी कान होते.

पेवकरी

बोट कोन चालवत हुतं ताई?

कृष्णाकाठ

(आठ दिवसांनी लिहितेय.)

पेवकरी दादा, तुमचा प्रश्न डोक्यात घेऊन रविवारी बहिणीला घेऊन सांगलीवाडीला गेले. बोटीत पुढं बसून पत्ता दाखवायला गल्लीतला एक पोरगा होता, तेव्हा अकरावीला असेल. आता त्याचं मोबाईलचं दुकान आहे. आणि आमच्या मागच्या फळीवर गल्लीतल्याच एक आजी होत्या. मी दोघांना वेगवेगळं विचारलं. पुरावा_द्या, तुमच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय, एकमेकांसमोर नाही विचारलं, आणि मी आधी काहीच सुचवलं नाही.

पोरगा हसला. म्हणाला, "काकू, आजी एकच म्हणत होत्या की. दूध शेगडीवर तसंच राहिलं, झाकण नाही घातलं."

मागच्या आजींनी सांगितलं, "तुजी सासू दुदाचंच घेऊन बसली हुती. उतू जाईल म्हनत हुती. मी म्हनलं, आगं बाई, गॅस बंद केलाय की पोरीनं. तरी आपलं तेच. दूद, दूद."

गेली इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी मला काहीतरी शेवटचं सांगितलं आणि मी ते हरवलं. नवऱ्याबद्दल, घराबद्दल, दागिने कुठं ठेवलेत त्याबद्दल. रात्री-रात्री जागून काढल्यात या विचारानं.

जुन्या घराच्या वरच्या खोलीत गेलो. आता तिथं भाडेकरू आहेत, त्यांनी येऊ दिलं. शेगडी ठेवली होती त्या कोपऱ्यात फरशीवर काळा गोल डाग आहे अजून. तो बघितल्यावर मला एक गोष्ट आपोआप आठवली. खात्रीनं सांगत नाही, पण आठवली. निघताना मी पातेलं उचलायला वाकले होते आणि बोटवाल्यानं खालनं ओरडून सांगितलं, "ताई, सामान नको, माणसं घ्या."

बहीण म्हणाली, "हाकेचा आवाज हाच गं. काकूंचा नव्हे."

पुरावा_द्या

दोघांना वेगवेगळं विचारलंत, आधी काही सुचवलं नाहीत. तुमच्या कष्टांना माझा नमस्कार. मी हे मान्य करतो.

साताऱ्याची_सून

दूध. पुरात बुडालेल्या घरातनं निघालेल्या बाईला दुधाची काळजी. माझी आजी अशीच होती.

पेवकरी

ताई, ही रेघ आता मारून ठिवा.

कृष्णाकाठ

मारली. बहिणीच्या वहीत, तिच्या हातानं. मी सांगितलं, तिनं लिहिलं. बक्कल, हिरवा दोरा, सव्वासहाची चौथी पायरी, आणि दूध.